आयोवा टेस्ट: लेव्हल ९ घ्यावी, १० की ११?

प्रश्न थोडक्यात असा. कुटुंब अमेरिकेतल्या व्हर्जिनियात राहतं. मुलगी वयाने थर्ड ग्रेडची, येत्या जूनमध्ये नऊ पूर्ण होतील, पहिल्यापासून घरीच शिकते. गणितात पाचवीचं पुस्तक निम्मं झालंय, वाचन चौथीच्या मुलांच्या तोडीचं आहे, पण स्पेलिंग आणि लिखाण दुसरीच्या आसपास रेंगाळतंय. घरात बोलणं मराठीतून. १ ऑगस्टच्या आत स्कूल डिव्हिजनला (म्हणजे स्थानिक शाळा-प्रशासनाला) निकाल द्यायचा आहे. आयोवा टेस्ट ही प्रमाणित चाचणी मागवायचं ठरलंय आणि फॉर्मवर लेव्हल विचारली आहे. आई विचारते, ९ घेऊ, १० घेऊ की थेट ११? खालची घेतली तर तिच्या गणितावर अन्याय होईल, वरची घेतली तर लिखाणात आपटेल.

माझं उत्तर: लेव्हल ९ घ्या, ग्रेड ३ लिहा, तुलना स्प्रिंगच्या नॉर्म्सशी (म्हणजे देशभरातल्या मुलांच्या गुणांवरून ठरलेल्या तुलनेच्या आकड्यांशी) करायला सांगा. गणित किती पुढे गेलंय हे खरोखर बघायचं असेल तर त्यासाठी वेगळी चाचणी घ्या, या चाचणीवर तो भार टाकू नका. होमस्कूल करणाऱ्या मुलांच्या चाचण्या मी बरीच वर्षं घेते आहे आणि हा प्रश्न दर मार्च-एप्रिलला कुणीतरी विचारतंच, म्हणून कारणं जरा सविस्तर लिहिते. पुढच्या वर्षी तुम्हाला स्वतःला ठरवता यायला हवं.

आधी आकड्याचा घोळ सोडवू. आयोवाची लेव्हल म्हणजे इयत्ता नव्हे. हा आकडा साधारण मुलाच्या वयाशी जुळवलेला आहे: लेव्हल ९ थर्ड ग्रेडसाठी, १० फोर्थसाठी, ११ फिफ्थसाठी, असं करत १४ एट्थ ग्रेडसाठी. त्यामुळे ‘नऊ म्हणजे काहीतरी फारच वरचं दिसतंय’ असं वाटून दचकायचं कारण नाही, आणि ‘पाचवीचं गणित करते म्हणजे लेव्हल ५’ असं तर मुळीच नाही. लेव्हल ५/६ बालवाडीतल्या आणि नुकत्या पहिलीत गेलेल्या मुलांची आहे.

आता मुख्य मुद्दा. फॉर्मवर लेव्हल आणि ग्रेड हे दोन वेगळे रकाने असतात, आणि त्यांची कामंही वेगळी आहेत. लेव्हल ठरवते की मुलासमोर कोणते प्रश्न येणार. ग्रेड ठरवतो की त्याची तुलना कोणत्या मुलांशी होणार. लेव्हल १० सोडवणाऱ्या मुलीच्या फॉर्मवर ग्रेड ३ लिहिला, तर प्रश्न चौथीचे आणि तुलना तिसरीच्या मुलांशी. तिथे ग्रेड ४ लिहिला तर प्रश्नही चौथीचे, तुलनाही चौथीच्या मुलांशी. उत्तरपत्रिका तीच, बरोबर आलेली उत्तरं तितकीच, पण पर्सेंटाइल (शंभरातली किती मुलं मागे आहेत तो आकडा) दुसऱ्या प्रकारात खाली येतो. काही विक्रेते लेव्हल आणि ग्रेड जोडीनेच देतात, वेगळे करू देत नाहीत. वरची लेव्हल घ्यायचा विचार असेल तर पैसे भरण्याआधी हे फोनवर विचारून घ्या: निकाल कोणत्या ग्रेडच्या आणि वर्षाच्या कोणत्या हंगामाच्या नॉर्म्सवर येणार? आयोवात फॉल, मिडइयर आणि स्प्रिंग असे तीन संच आहेत. सप्टेंबरमधली तिसरीची मुलं आणि मे महिन्यातली तिसरीची मुलं यांच्यात एका अख्ख्या वर्षाच्या अभ्यासाचं अंतर असतं, म्हणून हे महत्त्वाचं.

व्हर्जिनियाच्या कायद्याला काय हवंय तेही बघू. राष्ट्रीय नॉर्म्स असलेल्या कोणत्याही प्रमाणित चाचणीत चौथ्या स्टॅनाइनमध्ये किंवा त्याच्या वर संमिश्र गुण (सगळ्या भागांचे मिळून एकत्रित गुण) आले, एवढा पुरावा १ ऑगस्टपर्यंत डिव्हिजनच्या प्रमुखाकडे, म्हणजे सुपरिंटेंडेंटकडे, जायला हवा. स्टॅनाइन म्हणजे सगळ्या मुलांचे नऊ गट. चौथा गट २३व्या पर्सेंटाइलपासून सुरू होतो. म्हणजे तुलनेतल्या शंभर मुलांपैकी साधारण तेवीस तुमच्या मुलीच्या मागे असली तरी भागलं. पर्सेंटाइल म्हणजे शेकडा किती उत्तरं बरोबर आली ते नव्हे. हे माहीत असलेले पालकसुद्धा निकाल हातात आला की विसरतात आणि ‘फक्त पंचावन्न?’ म्हणून हिरमुसतात. पंचावन्न पर्सेंटाइल म्हणजे निम्म्याहून अधिक मुलांच्या पुढे.

अट संमिश्र गुणांची आहे, एकेका भागाची नाही. वाचन आणि गणित दोन्ही चांगलं असलेल्या मुलीचं स्पेलिंग घसरलं तरी लेव्हल ९ वर संमिश्र गुण चौथ्या स्टॅनाइनच्या खाली जाण्याची भीती मला दिसत नाही. लेव्हल ११ घेऊन पाचवीच्या मुलांशी तुलना करवली तर मात्र विनाकारण धोका ओढवून घ्याल. तिचं गणित पाचवीचं असेलही, पण कॅपिटलायझेशन, पंक्च्युएशन, स्पेलिंग आणि व्होकॅब्युलरी हे सगळे भाग पाचवीचे येतील आणि ते सगळे संमिश्र गुणात मिसळतील. डिव्हिजनला वरच्या लेव्हलचं कौतुक नसतं. तिथल्या फाइलमध्ये फक्त स्टॅनाइन बघितला जातो.

आता लिखाणाबद्दल, कारण आईची खरी काळजी तिथे आहे आणि ती बरीचशी अनाठायी आहे. लेव्हल ९ मध्ये मुलीला एकही वाक्य स्वतः लिहायचं नाही. रिटन एक्स्प्रेशन नावाचा भाग आहे, पण त्यात छोटा उतारा देतात, काही जागा अधोरेखित असतात आणि तिथे कोणती रचना योग्य ते पर्यायांतून निवडायचं असतं. स्पेलिंगमध्येही शब्द लिहायचा नाही. चार शब्द छापलेले असतात, त्यातला चुकलेला ओळखायचा. पाचवा पर्याय ‘एकही चूक नाही’ हा. जी मुलं भरपूर वाचतात पण हाताने लिहायला कंटाळतात, त्यांना हा भाग आईबापांना वाटतो त्यापेक्षा बरा जातो, कारण चुकलेला शब्द डोळ्याला खटकतो. स्वतः लिहिताना तोच शब्द ती मुलं चुकवतील, पण ओळखतील. म्हणून घरच्या वहीवरून या चाचणीतल्या भाषेच्या गुणांचा अंदाज बांधू नका. उलट बाजूही लक्षात ठेवा. इथे चांगले गुण आले म्हणून लिखाण सुधारलं असं होत नाही. ते वहीतच बघावं लागेल.

मराठी घरातल्या मुलांच्या निकालात मला एक नक्षी वारंवार दिसते: गणित वर, वाचन बरं, व्होकॅब्युलरी खाली. वाचनाच्या भागात उताऱ्याचा आधार असतो, संदर्भावरून शब्द उमगतो. व्होकॅब्युलरीत शब्द जवळजवळ उघडा येतो आणि त्याच्या जवळच्या अर्थाचा शब्द निवडायचा. रोजच्या घरगुती वस्तू आणि कामांचे इंग्रजी शब्द आपल्या मुलांच्या कानावर कमी पडतात, कारण ती कामं आपण मराठीत बोलतो. ही बुद्धीतली कमतरता नाही आणि त्यासाठी घरातलं मराठी कमी करायची तर अजिबात गरज नाही. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाचा शब्दसाठा दोन भाषांत वाटलेला असतो, चाचणी त्यातला एकच भाग मोजते. मात्र लेव्हल ठरवताना ही गोष्ट धरायला हवी, कारण एक लेव्हल वर गेलात की सगळ्यात आधी फटका याच भागाला बसतो.

गणितातही एक छुपी अडचण आहे. आकडेमोड तिला सहज जाईल. हातचा आपल्या पद्धतीने घेतला काय आणि इथल्या पद्धतीने घेतला काय, उत्तर पर्यायांतून निवडायचं असल्याने काही बिघडत नाही. पण तुमचं पुस्तक मेट्रिक असेल आणि तिला निकेल, डाइम, क्वार्टर ही नाणी चित्रावरून ओळखता येत नसतील, इंच-फूट-यार्ड, पिंट-क्वार्ट-गॅलन यांचे संबंध माहीत नसतील, तर पाचवीचे अपूर्णांक सोडवणारी मुलगी तिसरीचे मोजमापाचे प्रश्न चुकवते. एका आठवड्यात भरून निघण्यासारखी ही पोकळी आहे. आजी-आजोबांनी लाख-कोटी शिकवले असतील तर मोठ्या संख्यांमध्ये स्वल्पविराम तीन-तीन अंकांनी कसा येतो तेही एकदा दाखवून ठेवा.

तर मग गणितावर अन्याय होतो का? थोडा होतो, आणि तो नेमका काय हे समजून घ्या. मूल चाचणीच्या छतापाशी पोहोचलं की चाचणी त्याला नीट मोजू शकत नाही. समजा एका भागात तीस प्रश्न आहेत आणि मुलीने तिसावर तीस सोडवले. तिला आणखी किती येतं याचा पत्ता त्यातून लागत नाही, कारण पुढचे प्रश्न तिथे नाहीतच. शिवाय इतक्या वर एखाद-दुसऱ्या निष्काळजी चुकीने पर्सेंटाइल एकदम खाली येतो. त्या घसरणीवरून काही अर्थ काढू नका, ती चूक पेन्सिलची असू शकते.

इथेच ग्रेड इक्विव्हॅलंटचा सापळा आहे. निकालात ‘गणित: ६.२’ असं काहीतरी छापून येईल. बहुतेक पालक त्याचा अर्थ ‘सहावीचं गणित येतं’ असा लावतात आणि थेट सहावीचं पुस्तक मागवतात. त्याचा खरा अर्थ एवढाच की तिसरीच्या या प्रश्नांवर तिने जितके गुण मिळवले, तितके सहावीच्या दुसऱ्या महिन्यातल्या सरासरी मुलाने मिळवले असते असा अंदाज आहे. सहावीचे प्रश्न तिच्यासमोर आलेच नव्हते. तो आकडा बघा आणि सोडून द्या.

त्याऐवजी स्टँडर्ड स्कोअर जपून ठेवा. तो सगळ्या लेव्हल्समधून जाणाऱ्या एकाच पट्टीवरचा आकडा आहे. आयोवाच्या जुन्या प्रसिद्ध पट्टीवर चौथीच्या स्प्रिंगमधल्या मधल्या मुलाला २०० आणि आठवीच्या स्प्रिंगमधल्या मधल्या मुलाला २५० असं बसवलेलं आहे. तिसरीच्या शेवटी १८५, पाचवीच्या शेवटी २१४. म्हणजे तिसरी ते चौथी वाढ पंधराची, पण सातवी ते आठवी फक्त अकराची, २३९ वरून २५०. मोठ्या वयात आकडा हळू वाढतो म्हणून घाबरायचं नाही. यंदा लेव्हल ९ आणि पुढच्या वर्षी १० घेतली तरी हा आकडा शेजारी-शेजारी ठेवून तुलना करता येते. लेव्हल बदलल्याने साखळी तुटत नाही.

गणित खरोखर किती पुढे आहे हे जाणायचं असेल तर माझ्या मते एनडब्ल्यूईए या संस्थेची मॅप ग्रोथ ही चाचणी चांगली. ती संगणकावर होते आणि मुलाच्या उत्तरांनुसार पुढचा प्रश्न सोपा किंवा अवघड होत जातो, त्यामुळे छत लवकर येत नाही. निकाल रिट नावाच्या पट्टीवर येतो. पण मुलीला आधीच सांगा की यात जवळजवळ निम्मे प्रश्न चुकणारच, चाचणीची घडणच तशी आहे. हे न सांगितल्याने एरवी सगळं बरोबर आणणारी मुलं पडद्यासमोर रडवेली झालेली मी पाहिली आहेत. वरच्या पातळीची चाचणी मुद्दाम देण्याची कल्पनाही जुनी आणि चांगली आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅन्ले यांनी १९७२ मध्ये बारा-तेरा वर्षांच्या मुलांना कॉलेजप्रवेशाची एसएटी दिली, ती याचसाठी की त्यांच्या वयाच्या चाचण्या त्यांना मोजायला तोकड्या पडत होत्या. पण तो शोध होता, सुपरिंटेंडेंटला पाठवायचा कागद नव्हता. दोन उद्देश एका चाचणीत कोंबले की दोन्ही बिघडतात.

खालची लेव्हल घ्यावी का, हा प्रश्न या घरासाठी नाही, पण वाचणाऱ्या अनेकांसाठी असेल. लेव्हल ८ आणि ९ यांच्यामध्ये एक उंच पायरी आहे. ८ पर्यंत बऱ्याच भागांतले प्रश्न मोठ्यांनी वाचून दाखवायचे असतात. ९ पासून मुलाने सगळं स्वतः वाचायचं, ठरलेल्या वेळेत संपवायचं, आणि उत्तरं साधारणपणे वेगळ्या बबल शीटवर (गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेवर) भरायची. उशिरा वाचायला लागलेल्या मुलाचं गणितसुद्धा इथे वाचनामुळे पडतं. चार पर्यायांचे तीस प्रश्न निव्वळ अंदाजाने ठोकले तरी सात-आठ बरोबर येतात. मुलाचे गुण त्याच्या आसपास आले तर त्या निकालातून त्याला काय येतं हे कळलेलं नसतं. डिस्लेक्सिया किंवा तशा अडचणी असलेल्या मुलांसाठी व्हर्जिनियात चाचणीऐवजी लेखी मूल्यमापनाचा पर्याय आहे. परवानाधारक शिक्षक किंवा एखाद्या शैक्षणिक विषयात मास्टर्स केलेली व्यक्ती ते देऊ शकते. अशा मुलाला लेव्हलच्या खटाटोपात अडकवण्यापेक्षा तो मार्ग जास्त न्यायाचा.

बबल शीटचा सराव मात्र सगळ्यांनीच करा. आयोवात विषम क्रमांकांना ए-बी-सी-डी आणि सम क्रमांकांना जे-के-एल-एम अशी अक्षरं असतात. ओळ चुकू नये म्हणून ही सोय आहे, पण पहिल्यांदा बघणारी मुलं तिथेच अडखळतात. एखादा प्रश्न सोडून पुढे गेलं तर शीटवरही तीच ओळ सोडायची, हे दोनदा करवून घ्या.

लेव्हलबद्दल अजूनही शंका असेल तर एक घरगुती तपासणी करा. त्या लेव्हलचं सरावाचं पुस्तक आणा, वाचनाचा एक उतारा, गणिताचं एक पान आणि भाषेचं एक पान घड्याळ लावून सोडवायला द्या. मदत करू नका, चेहरा बघा. तिन्ही पानं न अडखळता जवळजवळ पूर्ण बरोबर आली तर एक लेव्हल वर जायचा विचार करता येईल. दोन पानांत निम्म्याहून कमी आली तर ती लेव्हल तिच्यासाठी नाही. एक सोपं, एक बरं, एक अवघड असं झालं तर लेव्हल बरोबर आहे, आणि तुमच्या मुलीचं बहुधा असंच होईल.

आयोवाऐवजी स्टॅनफर्ड टेस्ट ही दुसरी प्रमाणित चाचणी घेणाऱ्यांनी लेव्हलच्या नावांकडे नीट बघावं. तिथे लेव्हल वर्षाच्या मध्यावर बदलते. तिसरीच्या स्प्रिंगमधल्या आणि चौथीच्या फॉलमधल्या, दोन्ही मुलांना प्रायमरी थ्रीच लागते. चौथीच्या स्प्रिंगला इंटरमीजिएट वन. स्टॅनफर्डला वेळेचं कडक बंधन नाही, म्हणून हळू पण विचारपूर्वक सोडवणाऱ्या मुलांना मी तीच सुचवते.

दुसऱ्या राज्यातल्या वाचकांनी वरचं सगळं जसंच्या तसं उचलू नये. न्यूयॉर्कमध्ये संमिश्र गुण ३३व्या पर्सेंटाइलच्या वर लागतात किंवा आधीच्या चाचणीपेक्षा एका वर्षाची प्रगती दाखवावी लागते. नॉर्थ कॅरोलायनात चाचणी दरवर्षी, पण किमान गुणांची अट नाही. पेनसिल्व्हेनियात ग्रेड ३, ५ आणि ८ ला चाचणी, आणि ती आईवडिलांनी घेतलेली चालत नाही. टेक्सासात सक्तीच नाही. जिथे रेषा उंच, तिथे वयाच्या लेव्हलला चिकटून राहणं जास्त शहाणपणाचं.

आता मागवण्याबद्दल. चाचणी एप्रिलच्या शेवटी किंवा मेमध्ये घ्या, म्हणजे निकाल यायला आणि काही गडबड झाली तर निस्तरायला वेळ उरतो. जुलैपर्यंत लांबली तरी ग्रेड ३ आणि स्प्रिंगच लिहायचं, कारण नुकतं संपलेलं वर्ष मोजायचंय, येणारं नव्हे. उन्हाळ्यात मागवणारे पालक हमखास पुढचा ग्रेड लिहून बसतात. सायन्स आणि सोशल स्टडीज नको असतील तर कोअर बॅटरी मागवा, भाषा आणि गणित मिळून होणारे संमिश्र गुण डिव्हिजनला पुरतात आणि मुलीचा एक दिवस वाचतो. आयोवा घरी घेणाऱ्या व्यक्तीकडे बऱ्याच विक्रेत्यांना पदवी लागते. ती भारतातली असेल तर चालेल का हेही त्याच फोनवर विचारा.

निकाल आला की संमिश्र गुण असलेल्या पानाची प्रत डिव्हिजनला पाठवा. बाकीची पानं तुमच्या फाइलमध्ये ठेवा, स्टँडर्ड स्कोअरखाली रेघ मारून. पुढच्या एप्रिलला लेव्हल १० मागवताना तीच पानं लागतील.